बशीची आतली बाजू

क्युपर्टिनो,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. वसूस, आक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं. शाबास! छत्तीस वर्षं पोरांना पाढे विसरले म्हणून बाकावर उभं केलंस आणि आपली थोरली बहीण अंगठाछाप आहे एवढंच नेमकं विसरलीस? वर पाकिटावर ‘खासगी, आक्कानेच वाचावे’ असं लिहिलंयस म्हणे. वाचलं हो. उलटं धरून वाचलं, सुलटं धरून वाचलं. शाई छान आहे.

फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, पत्र लिहावं तर मला येत नाही. आईनं दोघी मिळून एक धड बाई जन्माला घातली असती तर तिचे कष्ट वाचले असते.

हे लिहून घेतायत त्या मृणालिनीबाई. दोन घरं सोडून राहतात. नागपूरच्या डॉक्टर, पन्नास वर्षं झाली इथं येऊन, आता निवृत्त. अक्षर डॉक्टरचं आहे, तेव्हा वाचताना शिव्या द्यायच्या तर त्यांना दे. त्यांना सांगून ठेवलंय की मी बोलेन तसं लिहायचं, माझं बोलणं धुऊन इस्त्री करायचं नाही. त्या हसल्या. हसल्या हेही लिहा म्हटलं.

आमच्याकडे सगळे ठीक. शैलेंद्रचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस घरातच असतं, म्हणजे तो घरी असून नसतो. सूनबाईंच्या गुडघ्याला पट्टा आलाय. माझा गुडघा चौऱ्याऐंशी वर्षांचा आणि तिचा अठ्ठावन्नचा, पण जिना मी आधी चढते. थंडी पडलीय. चारुताला सर्दी आहे.

तू तिच्या कामाचं विचारलंयस. ‘उन्हाळ्यात दर पत्रात खोदकाम रंगवून सांगायचीस, आता त्याचं नावच नाही, असं का?’ असं तुझ्या तिसऱ्या पानावर आहे म्हणे. मास्तरीण ती मास्तरीणच. शैलेंद्रनं लिहून दिलेल्या पत्रांत न लिहिलेलंही तुला बरोबर दिसतं.

सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण तू मागचं विसरली असशीलच.

माझी नात जुन्या लोकांचा उकिरडा उकरते आणि त्याचा पगार घेते, हे तुला माहीत आहे. इथून पंचवीस मिनिटांवर एक मोकळी जागा होती. तिथं चार मजली इमारत व्हायची होती, आणि त्याआधी चारुताच्या कंपनीला खणून बघायला सहा आठवडे दिले होते. शंभर वर्षांपूर्वी तिथं आलुबुखारच्या बागा होत्या. बागेत राबायला जपानहून माणसं आलेली. बाग दुसऱ्याची, घर लाकडी फळ्यांचं, जमीन नावावर करायची त्यांना कायद्यानंच बंदी. मोरिता नावाचं कुटुंब तिथं वीस वर्षं राहिलं. मग जपानशी लढाई लागली आणि सरकारनं सगळ्या जपान्यांना, इथं जन्मलेल्या पोराबाळांसकट, हातात मावेल तेवढं घेऊन निघायला सांगितलं. वाळवंटातल्या छावणीत नेऊन ठेवलं. चार वर्षांनी बाहेर आले तेव्हा त्या घरात दुसरेच लोक होते.

तर त्या घराचा उकिरडा. घरी एकटी बसून मी टीव्हीशी भांडते, म्हणून चारुता मला मंगळवार-बुधवार बरोबर न्यायची. तंबूत खुर्ची टाकून द्यायची. समोर पाण्याची परात, हातात दात घासायचा ब्रश. मातीतून निघालेली खापरं घासायची आणि जाळीवर वाळत घालायची. निळ्या नक्षीच्या भाताच्या वाट्या, क्रीमच्या पांढऱ्या डब्या, बटणं, गोट्या, औषधाच्या बाटल्या. चौऱ्याऐंशी वर्षं फुकट भांडी घासली, त्या तंबूत पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि खरंच वाजवल्या, वसू. शिकलेल्या पोरी एका पळीभोवती तासभर डोकं लावून बसल्या होत्या. मी चारुताला म्हटलं, ‘त्यांना सांग, ही बाई डावरी होती. पळी उजव्या अंगानं झिजलीय बघ.’ सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मग रोज काहीतरी आणून दाखवायच्या. ‘आजी, व्हॉट इज धिस?’ आजी सांगायची. हे विरजण लावायचं नाही, याला तळ जाड आहे, हे चुलीवरचं. ही डबी क्रीमची खरी, पण क्रीम संपल्यावर हिच्यात मीठ ठेवलंय, कड बघा. बाईचं नाव-गाव माहीत नव्हतं, पण तिच्या स्वयंपाकघरात मी घरच्यासारखी हिंडत होते. काटकसरी होती. नवऱ्याला तिखट लागत नसावं. एका पोराला दात येत होते, लाकडी चमच्यावर खुणा होत्या.

ते दात येणारं पोर जिवंत होतं. म्हणजे मोरिताबाई. नव्वदीच्या. सातव्या वर्षी त्या घरातून निघाल्या. पुढं नर्स झाल्या, लग्न केलं नाही, एका वृद्धाश्रमात राहायच्या. दर बुधवारी त्यांचा भाचा गाडीतून घेऊन यायचा. माझ्या शेजारी बसायच्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी मराठीत, आणि आमचं बरं चालायचं. जपानी त्यांना येत नव्हतं. शाळेत गेल्या त्या छावणीतल्या, मग इथल्या. ती भाषा तोंडात आणायलाच घाबरायचे सगळे.

त्यांची आई छावणीत दुसऱ्या थंडीत गेली. न्यूमोनिया. चारुतानं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘फोटो?’ एकही नाही. निघायच्या आधी वडिलांनी घरातला जपानी अक्षराचा कागद न् कागद जाळला होता. पत्रं, पोथी, आईची पाककृतींची वही, फोटोंच्या मागे नावं होती म्हणून फोटोसुद्धा. अशी अक्षरं सापडली की माणसं पकडून न्यायचे. मोरिताबाई चारुताला म्हणाल्या होत्या, ‘माझ्या आईचं अक्षर कसं होतं तेवढं एकदा बघायचंय. वाचता येणार नाही मला. नुसतं बघायचंय.’

मृणालिनीबाई, पाणी घ्या. मला नको. लिहा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, काम बंद व्हायच्या वेळेला, न्हाणीघराच्या जमिनीखाली बरणी सापडली. चिनीमातीची, कमरेएवढी. तोंडावर बशी पालथी घातलेली, बशीच्या कडेनं मेण, आणि वर ओढ्यातला गोल दगड. पोरी म्हणायला लागल्या, दगड कशाला? काही पूजेचं आहे का? मी तंबूतून ओरडले, ‘अगं लोणच्याची बरणी आहे ती! खारातल्या कैऱ्यांवर आपण नाही का दगड ठेवत!’ चारुतानं ते इंग्रजीत सांगितलं आणि पुन्हा टाळ्या. बरणीत लोणचं नव्हतं, कापडाचा भुगा आणि एक केसातली पिन होती. बाईनं जाताना काहीतरी जपून ठेवलं होतं, परत यायच्या आशेनं. अंधार पडत आला होता. बशी एका ट्रेमध्ये ठेवली, ट्रेवर चिठ्ठी ठेवली, आणि आम्ही घरी आलो. चारुता गाडीतून कोणाशी तरी फोनवर फार आनंदात बोलत होती. मला वाटलं, मित्र असेल. मी मनात खूश.

बुधवारी सकाळी मी माझ्या खुर्चीत बसले. बाहेर चारुता खड्ड्यापाशी होती. शेजारच्या टेबलावर ती बशी. ट्रेवर चिठ्ठी होती. चिठ्ठी असली की आधी तिला विचारायचं, हे चारुतानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विचारलं नाही. टाळ्यांनी डोकं फिरलं होतं माझं. मला वाटलं, लोणच्याच्या बरणीचं मला कोण सांगणार?

इथं ‘नो इंग्लिश’ म्हटलं की कोणी हसत नाही. चौदा वर्षं मी तेवढ्यावर निभावलं. मराठीही येत नाही हे सांगायची वेळच येत नाही. तंबूतल्या एकाही पोरीला माहीत नव्हतं की मला कुठलीच चिठ्ठी वाचता येत नाही.

बशी उचलली, उलटी केली. आतल्या बाजूनं काळं होतं. ओघळ-ओघळ, बारीक, वरून खाली. बरणीच्या झाकणाला आतून काळं म्हणजे काय असतं, वसू? तूच सांग. बुरशी. लोणच्याच्या झाकणावर बुरशी दिसली तर कुठली बाई नुसती बघत बसेल? मी पाण्यात बुडवली आणि अंगठा फिरवला. ब्रशसुद्धा लागला नाही. अंगठ्यानंच गेलं. इतकं पटकन गेलं की मला बरं वाटलं.

ती अक्षरं होती.

मृणालिनीबाईंनी पेन खाली ठेवलंय. म्हणतात, हे नको लिहूया, आजी, तुमच्या बहिणीचं वय बघा, कशाला. मी म्हटलं, तिचं वय मला माहीत आहे, मीच तिला मोठं केलंय. लिहा. आणि मी म्हटलं तसंच लिहा.

लिहितायत.

दहा वाजता मोरिताबाई आल्या. मंगळवारी चारुता गाडीतून त्यांच्याशीच बोलत होती. तुमच्या आईचं लिहिलेलं सापडलंय म्हणून सांगत होती. त्या दिवशी त्यांनी निळा कोट घातला होता आणि केस कोणाकडून तरी बसवून घेतले होते. भाचा दाराशी फोन धरून उभा, फोटो काढायला. चारुता आत आली, ट्रे बघितला, ट्रे रिकामा. मग जाळीवर बघितलं. बशी उन्हात चमकत होती, पाणी निथळत होतं. माझ्याकडे बघितलं. मी अजून हसतच होते, वसू. मला वाटलं ती म्हणणार, आजी, काय सुंदर निघालीय!

 तिनं बशी उचलून मोरिताबाईंच्या हातात दिली. त्यांनी फिरवून फिरवून बघितली, उजेडाकडे धरली, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, ‘सो क्लीन.’ आणि माझ्याकडे वळून ‘थँक यू.’ भाच्यानं फोटो काढला.

पुढं कुठल्या कुठल्या दिव्यांखाली धरली ती बशी, मोठ्या कॅमेऱ्यांनी बघितली. विद्यापीठातली एक जपानी बाई भिंग घेऊन आली. कडेला एक अर्धी रेघ राहिलीय. कुठल्या अक्षराची तेही सांगता येत नाही, म्हणाली. निरोप होता, नाव होतं, की बरणीत काय ठेवलंय त्याची यादी होती, देव जाणे. देवालाही जपानी येत असेल तर.

चारुतानं अहवालात लिहिलं, ‘चूक माझी.’ कंपनीनं पुढच्या कामाला तिला घेतलं नाही. घरी तिनं मला एक शब्द म्हटला नाही. ओरडली असती तर मी चार उलट बोलले असते आणि आमचं मिटलं असतं. तिनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘आजी, वरण गरम करू?’

मी तीन आठवडे काढले. मग ऑक्टोबरात तिला म्हटलं, मला मोरिताबाईंकडे घेऊन चल. वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीत बसलो. खिडकीत एक कुंडी, पलंगावर विणलेली शाल. मी त्यांचा हात धरला आणि चारुताला म्हटलं, ‘हिला सांग. तुझ्या आईचं अक्षर मी पुसलं. मी. या अंगठ्यानं. मला अक्षर ओळखू येत नाही, मला ती घाण वाटली. असं सांग.’

चारुतानं आपली खुर्ची पुढं ओढली. मग इंग्रजीत बोलली. बराच वेळ बोलली. आणि मोरिताबाई हसल्या गं. माझ्या हातावर थोपटलं. ‘थँक यू, थँक यू,’ दोनदा म्हणाल्या, आणि माझा तो अंगठाच धरून ठेवला.

असलं ऐकून कोणी हसत नाही, एवढं मला इंग्रजीशिवायही कळतं.

गाडीत विचारलं, ‘काय सांगितलंस?’

‘तू म्हणालीस तेच.’

‘मग हसली का ती?’

‘आजी, प्लीज.’ सिग्नल हिरवा झाला तरी ती जागची हलली नाही, मागून हॉर्न वाजले. ‘शी इज नाइंटी. तिचं हार्ट वीक आहे. आय टोल्ड हर की इंक मातीतच गेली होती, बरणी उघडायच्या आधीच. आणि तू ती प्लेट खूप प्रेमानं क्लीन केलीस. दॅट्स ऑल.’

‘म्हणजे तिनं मला त्याबद्दल थँक यू म्हटलं?’

‘यू वॉन्टेड टु फील बेटर, आजी. तिला काय मिळालं असतं?’

 पोरगी खोटं बोलली ते मायेनं बोलली. पण माझं तोंड तिच्या तोंडातून जातं, वसू. तिनं जे म्हटलं तेच मी म्हटलं असं झालं. आता मोरिताबाईंच्या लेखी मी एक प्रेमळ म्हातारी होते आणि तसं मला राहावं लागलं.

तेव्हा मला तुझी पाटी आठवली. तुला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात तू पाटी-पेन्सिल घेऊन माझ्या सासरी आली होतीस. ‘आक्का, आई गेली तेव्हा तू नऊची, मी पाचची. तू चूल धरलीस म्हणून मी शाळेत गेले. आता बस माझ्यासमोर.’ तीन दिवस मी ‘अ’ गिरवला. चौथ्या दिवशी म्हटलं, मला वेळ नाही, आणि ती पाटी गव्हाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. तू रडत एसटीत बसलीस. मला वेळ होता गं. जाऊबाई दारातून बघून हसली होती, एवढंच. लाज वाटली. साठ वर्षं मी तुला ‘वेळ नव्हता’ असंच सांगत आले.

शिकले असते तर जपानी आलं नसतं, हे मलाही कळतं. मृणालिनीबाईही हेच म्हणतायत आत्ता. पण ज्याला एक अक्षर येतं त्याला दुसऱ्याचं अक्षर निदान अक्षर म्हणून दिसतं. मला बुरशी दिसली.

चारुताला नको असेल तर नको, दुसरं कोणीतरी धरून जाईन, असं मी ठरवलं होतं. याच मृणालिनीबाईंना घेऊन. त्यांना इंग्रजी चांगलं येतं आणि त्या माझ्या कोणी लागत नाहीत, म्हणजे मायेनं खोटं बोलणार नाहीत. गुरुवारी जायचं ठरलं. बुधवारी, एकोणतीस ऑक्टोबरला, मोरिताबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

त्यांच्या देवळात सोमवारी सगळं झालं. मी गेले. चारुता नको म्हणत होती, तरी गेले. उदबत्तीचा वास आपल्यासारखाच. एकेकानं पुढं जाऊन धुपाची चिमूट निखाऱ्यावर सोडायची आणि वाकायचं. टेबलावर मोरिताबाईंचा फोटो, निळ्या कोटातला. आणि शेजारी दुसरी एक चौकट. आईचा फोटो नव्हता ना कुणाकडे, म्हणून भाच्यानं त्या बशीचा फोटो मोठा करून लावला होता. पांढरी, लख्ख, रिकामी बशी. रांगेतला एकेक माणूस तिच्यापुढे वाकत होता. माझी पाळी आली, मीही वाकले. भाच्यानं बाहेर माझे दोन्ही हात हातात घेतले. काय म्हणाला असेल ते तुला आता सांगायला नको.

मृणालिनीबाईंनी आतापर्यंतचं सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच वाचलं. पण कागदावर तेच आहे का, ते मला कसं कळणार? तुला जे पोचेल ते मी लिहिलं असं होईल. त्यांना राग आला नाही हे ऐकून. म्हणाल्या, ‘खरंय.’ तेवढंच.

तुला हे सांगून काय होणार, असं तू म्हणशील. काही होणार नाही. ज्या बाईला सांगायचं होतं ती गेली, आणि तिची आई माझ्यामुळे दुसऱ्यांदा गेली. तिथं आता खड्डा बुजवून काँक्रीट ओतलंय. चारुता घरी असते, लॅपटॉपवर नोकऱ्या शोधते, मला बघितलं की हसते. मला माफ कर वगैरे मी तुला म्हणत नाही. तू करशील, आणि ते माझ्या काही कामाचं नाही.

एक काम कर. सोळा डिसेंबरला त्यांचा एकोणपन्नासावा दिवस आहे. त्या दिवशी फोटोपुढं खायचं ठेवतात. भाच्यानं मलाही काहीतरी आणा म्हणून सांगितलंय. मी करणार नाही. माझ्या हातचं त्यांच्यापुढं ठेवायला माझा हात होत नाही. तू कर आणि कुरियरनं पाठव, दहा तारखेच्या आत पोचेल असं. शंकरपाळी पाठव. बारीक काप, तूप हात राखून घाल, आणि गोडी करू नकोस, खारी कर. त्यांना साखरेचा त्रास होता.

तुझी थोरली,
आक्का